पातेलं टेकडीला निघालं

मला स्वयंपाक येतो. हे वाक्य मी चारचौघांत म्हणालो की आमची ही लगेच खिडकीबाहेर बघायला लागते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. पण ती इतकी मन लावून बघते की ऐकणारेही टाकीकडे बघू लागतात आणि माझं वाक्य तसंच लोंबकळत राहतं. तिचं म्हणणं असं की स्वयंपाक येणं वेगळं आणि एक रस्सा येणं वेगळं. मान्य. मला एकच रस्सा येतो. पण जो येतो तो असा येतो की खाणारा पावाने पुसून पुसून ताटलीची नक्षी घालवेल.

हा रस्सा मी कुठल्या पुस्तकात वाचून शिकलो नाही. मी तो टेकडीवर शिकलो, दुसऱ्या वळणापासून माथ्यापर्यंत, चालता चालता.

आम्ही चौघं रोज सकाळी टेकडी चढायचो. कप्तान, दातांचे डॉक्टर, पोस्टमास्तर आणि मी. कप्तान सैन्यातले नव्हेत. शाळेत खेळ शिकवून ते निवृत्त झाले, त्यांच्या गळ्यातली शिट्टी मात्र अजून नोकरीत आहे. दातांचे डॉक्टर बोलताना माणसाच्या डोळ्यांत न बघता दातांकडे बघतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आपण आपोआप तोंड कमी उघडतो. मी शाळेत भूमिती शिकवतो. आणि पोस्टमास्तर म्हणजे आमच्यात वयाने मोठे, वजनाने त्याहून मोठे आणि खाण्याच्या बाबतीत आम्हा सगळ्यांचे बाप.

लोक चालतात ते वजन कमी व्हावं म्हणून. पोस्टमास्तरांच्या मते हा चालण्याचा अपमान होता. माणसाने चालावं ते भूक लागावी म्हणून. पहिल्या वळणापर्यंत काल काय खाल्लं याची चर्चा, दुसऱ्या वळणापर्यंत आज काय खायचं याची, आणि माथ्यावर पोचलं की दगडी बाकावर चार डबे उघडायचे. प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचंच. दुसऱ्या वळणानंतर चढ जरा उभा आहे. तिथे दम लागू नये म्हणून पोस्टमास्तर माझी तोंडी परीक्षा घ्यायचे.

"सर, कांदा कधी घालायचा?"

"तेल तापल्यावर."

"आणि पुढचं काही कधी घालायचं?"

"कांदा रुसून लाल झाल्यावर."

"शाबास. चढा."

असे दिवस होते. मग पोस्टमास्तरांचा गुडघा दुखायला लागला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते उत्तम झालं, आणि पोस्टमास्तर घरात बसले. ऑपरेशन करणारे डॉक्टर सांगत होते, हळूहळू जिना चढा. पोस्टमास्तर म्हणायचे, चढतो, घाई काय आहे. वहिनी मुलीकडे नातवंड सांभाळायला गेलेल्या. हे आपले वॉकर घेऊन घरातल्या घरात खिडकी ते स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघर ते खिडकी करायचे, आणि मऊ भात खायचे. ज्या माणसाने आयुष्यात भातालासुद्धा चार गोष्टी सुनावल्या, तो माणूस मऊ भात खात होता आणि कुरकुर करत नव्हता. मला याचीच जास्त काळजी वाटायची.

इकडे टेकडीवर आमचंही काही खरं नव्हतं. पोस्टमास्तर नाहीत म्हटल्यावर पहिल्या वळणापर्यंत कप्तान नाडीचे ठोके सांगायचे आणि दुसऱ्या वळणापर्यंत डॉक्टर हिरड्यांबद्दल. डबे कधी बंद झाले ते कळलंही नाही. कप्तान खिशातून भिजवलेले दाणे काढून एकेक चावायचे, आणि डॉक्टर ते दाणे कुठल्या दाढेने चावले जाताहेत ते बघायचे. एक दिवस माथ्यावर कप्तान म्हणाले की ते आता व्यायामशाळा लावणार. डॉक्टर म्हणाले की त्यांच्या मनात सायकल आहे. टेकडी कुठे जात नव्हती, पण आमची चौकडी सुटत चालली होती, आणि ते मला अजिबात नको होतं. तोंडातून निघून गेलं, "येत्या रविवारी माझ्या हातचा रस्सा. इथेच. या बाकावर."

दोघांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी भूक दिसली.

"पोस्टमास्तरांना सांगायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

शेवटी ठरलं, सांगायचं नाही. त्यांना येता येणार नाही, उगाच जिवाला लागेल. हे आम्ही इतक्या प्रेमाने ठरवलं की त्यात काही चूक असेल असं कोणालाच वाटलं नाही.

आता खरं तर चार माणसांचा, म्हणजे तीन माणसांचा रस्सा डब्यातून नेऊन खाल्ला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण टेकडी उद्यान खात्याची. पायथ्याशी पाटी आहे, विनापरवाना कार्यक्रम करू नयेत. मी शिक्षक माणूस. पाटी वाचल्यावर माझ्याने तिच्याकडे दुर्लक्ष होत नाही. त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी मी उद्यान खात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतला कारकून डब्यातला कोरडा पाव खात होता.

"टेकडीवर जेवायचं आहे," मी म्हणालो.

"शिजवणार का नुसतं खाणार?"

"शिजवून खाणार."

"शिजवणं म्हणजे विस्तव. विस्तव म्हणजे अग्निशमन. तिकडून ना-हरकत आणा."

"मग खाली शिजवतो. वर नुसतं खातो."

"खाणं म्हणजे कचरा."

"ताटं घरची. कचरा होणार नाही."

कारकुनाने पाव खाली ठेवला. माझी त्याला थोडी किंमत वाटायला लागली असावी. "माणसं किती?"

"तीन."

"अहो, तीन माणसांना परवानगी लागत नाही!" तो एवढ्या जोरात म्हणाला की मागची दोन टेबलं हसली.

इथे मी उठून यायला हवं होतं. शहाणा माणूस आलाच असता. पण टेबलं हसली होती. मी म्हणालो, "लागत नाही असं लेखी द्या."

"तसा कागद नाही. कागद दहाच्या वर माणसं असतील तरच आहे."

"मग दहाच्या वर करतो," मी म्हणालो.

माणसाचा स्वाभिमान कुठे जागा होईल सांगता येत नाही. कारकून माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, वीसच्या आत ठेवा, वीसच्या वर गेलं की समारंभ होतो आणि समारंभाचं खातं वेगळं आहे. शिवाय सोसायटीचं पत्र लागेल. "एकोणीस लिहू?" मी विचारलं.

"अठरा तुमचे. एकोणिसावा मी. नियम पाळले जातात का ते बघायला कोणीतरी हवं." मग जरा पुढे वाकून, "रस्सा दाट असतो का पातळ?"

"दाट."

त्याने शिक्का मारला.

सोसायटीच्या पत्रासाठी सेक्रेटरींकडे जावं लागलं. सेक्रेटरी म्हणजे ज्यांच्याशिवाय आमच्या इमारतीत पाण्याचा नळही गळत नाही. त्यांनी पत्र दिलं, पण म्हणाले, सोसायटीचं पत्र म्हणजे सोसायटीचा कार्यक्रम. प्रत्येक घरातून एक माणूस. मी हो म्हणालो. संध्याकाळपर्यंत इमारतीने 'प्रत्येक घरातून एक' याचा अर्थ 'प्रत्येक घर एक' असा लावला. रात्रीचं जेवण होईतो आमच्या दाराशी सल्ला द्यायला रांग लागली. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, तिखट कमी, मला सोसत नाही. वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं म्हणालं, तिखट झणझणीत हवं, नाहीतर काय मजा. दातांच्या डॉक्टरांनी फोन करून बटाटा मऊ शिजवायला सांगितला. लगेच कप्तानांचा फोन, गाजर कच्चंच ठेवा, ताकद त्यात असते. मी सगळ्यांना "बरोबर आहे तुमचं" म्हणालो. वर्गात मुलं असं काही विचारतात तेव्हाही मी हेच म्हणतो.

"एवढ्या माणसांचं तुम्ही करणार?" ही म्हणाली.

"मला स्वयंपाक येतो."

ती टाकीकडे बघायला गेली.

पण मनातून मी हबकलो होतो. इतक्यांच्या रस्स्याला मीठ किती? हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता आणि तो आमच्याच खाली, दुसऱ्या मजल्यावर राहत होता. मी मनाशी एक थाप तयार केली आणि खाली जाऊन बेल वाजवली.

पोस्टमास्तर दार उघडायला यायला वेळ लागला. दारात आल्यावर त्यांनी वॉकर आडवा केला, मग तिरका, मग त्याचे पुढचे दोन पाय चौकटीबाहेर काढून परत आत घेतले. "या दाराने माझा जीव खाल्लाय," ते म्हणाले. "बोटभर कमी आहे. बोटभर! ठेकेदाराने एका काडीपैलवानाचं माप घेतलं आणि साऱ्या इमारतीची दारं त्या मापाची केली. बसा."

मी बसलो. ओट्यावर मऊ भाताचं छोटं पातेलं होतं. मी तिकडे बघायचं टाळलं.

"शाळेत एक स्नेहभोजन आहे," मी म्हणालो. "बरीच माणसं आहेत. म्हटलं मिठाचं विचारावं."

"शाळेत?"

"हो. शाळेतच."

"रस्सा का?"

"रस्सा."

"माझा?"

"तुमचाच हो. दुसरा येतो कुठे मला."

पोस्टमास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या खिडकीतून टेकडी दिसते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग ते वळले आणि अगदी पूर्वीसारखे बोलायला लागले. मीठ कसं टप्प्याटप्प्याने घालायचं, कांदा दोन भागांत कसा परतायचा, मटार शेवटी का घालायचे. मला वाटलं मी दुसऱ्या वळणावर उभा आहे.

"आणि पातेलं?" त्यांनी विचारलं.

"आचाऱ्याकडून भाड्याने आणतोय."

"उंच घेऊ नका हं. उंच पातेल्यात खालचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं. रुंद घ्या. चांगलं ऐसपैस."

"किती रुंद?"

त्यांनी वॉकर पुढे ओढला आणि त्याच्यावर हात फिरवला. "निदान याच्याएवढं तरी."

मी आभार मानून वर आलो. थाप पचली म्हणून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही एकदमच.

शनिवारी संध्याकाळी पातेलं आलं. आचाऱ्याच्या दोन माणसांनी ते टेम्पोतून उतरवलं तेव्हा खाली खेळणारी मुलं त्यात आपला चेहरा बघायला धावली. एवढं पातेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माणसं ते जिन्यातून वर घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावरून जाताना पोस्टमास्तरांचं दार किंचित किलकिलं होतं, पण मी मनाची समजूत घातली की वारा असेल. आमच्या दाराशी आल्यावर त्या माणसांनी पातेलं कडेवर उभं केलं आणि गडगडत आत आणलं. मी शेजारी उभा राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. भूमिती शिकवणारा माणूस त्या क्षणी अगदी समोर उभा होता. पण तो "सावकाश" म्हणत होता.

स्वयंपाकघराचं दार तर आणखी अरुंद, म्हणून पातेलं बाहेरच्या खोलीत राहिलं. खाली आचाऱ्याची मोठी शेगडी. पातेल्यासाठी जागा करायला सोफा उभा करून खिडकीला टेकवून ठेवावा लागला. बायको स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पाहुणे आपल्याकडे आलेत का आपण पातेल्याकडे?"

पहाटे आम्ही शेगडी पेटवली. कप्तान चाकू घेऊन आले, बायकोने गाजरं घेतली, मी कांदा घेतला. आणि सांगायला हरकत नाही, ती सकाळ फार सुंदर गेली. कांदा रुसला, लाल झाला. टोमॅटो विरघळले. बटाटे आधी कडक राहिले, मग ऐकायला लागले. कप्तानांनी एरवी कोणाला न सांगितलेली त्यांच्या आईच्या हातच्या लोणच्याची आठवण सांगितली आणि डोळे पुसले, आणि वर म्हणाले की तो कांदा होता. मटार पडले तेव्हा सगळ्या जिन्यात वास भरला. हिने चमच्याने चव घेतली. मग आणखी एक चमचा घेतला. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर यापेक्षा मोठी पावती मागू नये.

इमारतीतली सगळी मंडळी भल्या सकाळीच टेकडी चढायला निघाली. दातांच्या डॉक्टरांच्या गाडीतून ताटं, वाट्या, डाव आणि पावांची पोती पायथ्याशी गेली आणि तिथून हातोहात वर. आता फक्त रस्सा न्यायचा होता. मी, बायको, कप्तान, सेक्रेटरी आणि आचाऱ्याची दोन माणसं एवढेच मागे राहिलो. कप्तानांनी शिट्टी फुंकली. चौघांनी फडक्यांनी कडा धरल्या. पातेलं उचललं गेलं, डुलत डुलत दाराशी गेलं, आणि ठण्ण.

"जरा फिरवून बघा," सेक्रेटरी म्हणाले.

"वर्तुळ कसंही फिरवलं तरी वर्तुळच," मी अधिकाराने म्हणालो. त्या खोलीत या ज्ञानाची कोणाला गरज नव्हती.

"मग काल आत कसं आलं?" बायकोने विचारलं.

आचाऱ्याचा एक माणूस हळूच म्हणाला, "उभं करून, बाई."

"मग करा आताही उभं," ही म्हणाली, आणि मग तिने रस्स्याकडे बघितलं.

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. सेक्रेटरींनी दाराचा पल्ला बिजागरीतून काढला. चौकट तशीच राहिली. कप्तान म्हणाले, खिडकीतून दोर लावून उतरवू. खिडकीला सोफा होता. शेवटी लहान भांड्यांत काढून नेऊ असं ठरलं. पण आमची सगळी मोठी भांडी टेकडीवर जाऊन बसलेली. घरात उरलेला कुकर भरला, पिठाचा डबा भरला, चहाचं पातेलं भरलं, माझा शाळेचा डबा भरला. सगळं भरल्यावर रस्सा पातेल्यात बोटभर खाली गेला. सेक्रेटरींनी बादलीचं नाव काढलं. बायको म्हणाली, "आंघोळीच्या बादलीतून लोकांना जेवायला वाढलंत तर मीही त्यांच्याबरोबर टेकडी उतरून सरळ निघून जाईन." शेजाऱ्यांकडे मागावं तर इमारतभर कुलपं.

इतक्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन. "सर, माणसं कोरडा पाव खायला लागली आहेत. तो कारकून सारखं घड्याळ बघतोय. मावशी विचारताहेत, रस्सा तिखट आहे का. कुठे आहात?"

"निघालोच," मी म्हणालो. मी खुर्ची शोधली. खुर्च्याही टेकडीवर होत्या.

"एक घर उघडं आहे," बायको हळूच म्हणाली.

मला ते माहीत होतं. मी मघापासून त्याच घराचा विचार न करण्याचा प्रयत्न करत होतो. एक जिना उतरायला इतका वेळ लागू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. बेलकडे हात नेला तर दार आधीच उघडलं. पोस्टमास्तर दारात उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले.

"शाळेतलं स्नेहभोजन कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

माझ्याच्याने खोटं बोलवेना. "टेकडीवर होतं," मी म्हणालो. "तुम्हाला सांगितलं नाही. वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मग आता बरं वाटतंय का?"

मला खरंच रडू यायला लागलं. भरल्या घरातल्या कर्त्या माणसाने जिन्यात उभं राहून रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "मोठी भांडी आहेत का तुमच्याकडे?"

"दुधाचं पातेलं आहे. आणि भाताचं. तुम्हाला माहितीच आहे केवढं ते." ते जरा थांबले. "सर, रस्सा टेकडीवर जात नसेल तर टेकडी उतरवा ना. माणसांना पाय आहेत. पातेल्याला नाहीत."

मी फोन लावला. डॉक्टरांना सांगितलं, सगळ्यांना घेऊन इकडे या, ताटांसकट. पलीकडून जी कुजबुज ऐकू आली ती मी इथे लिहीत नाही.

माणसं आली. टेकडी चढून, उतरून आलेली माणसं. त्यांच्या भुकेपुढे राग टिकला नाही. आमच्या घरात पातेलं मावलं होतं, माणसं मावणार नव्हती. म्हणून ती जिन्यात बसली. तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर एक ताट. कारकून कागद हातात घेऊन आला, त्याने एकोणिसापुढे डोकी मोजायचं सोडून दिलं आणि म्हणाला, "परवानगी टेकडीची आहे. जिन्याची नाही."

सेक्रेटरी छाती काढून पुढे आले. "जिन्यात वस्तू ठेवायला मनाई आहे. माणसं ठेवायला नाही. तुम्ही या पायरीवर बसा." कारकून बसला. दुसऱ्यांदा रस्सा मागेपर्यंत त्याचा कागद खिशात गेला होता. मावशी म्हणाल्या तिखट बरोबर आहे. नव्या जोडप्यानेही तेच म्हटलं. डॉक्टरांना बटाटा मऊ लागला, कप्तानांना गाजर कडक लागलं. हे कसं झालं मला विचारू नका.

पोस्टमास्तर आपल्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मी स्वतः त्यांचं ताट घेऊन गेलो. त्यांनी पाव बुडवला, खाल्ला, डोळे मिटले.

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले.

मी श्वास सोडला.

"पण गार झालंय. पातेल्यातून वाटीत, वाटीतून जिन्यात. सर, रस्सा पातेल्याशेजारी बसून खायचा असतो."

"मग चला ना वर," कप्तान म्हणाले.

पोस्टमास्तरांनी जिन्याकडे बघितलं. मग त्यांनी वॉकर दाराआतल्या भिंतीला टेकवून ठेवला आणि कठडा धरला. पायऱ्यांवर बसलेल्यांनी गुडघे आत घेतले, ताटं मांडीवर उचलली. कप्तान त्यांच्या शेजारी, शिट्टी तोंडात, पण वाजवली नाही, नुसते गाल फुगलेले. पोस्टमास्तर एक पायरी चढले. मग दुसरी. मधे थांबून त्यांनी मावशींच्या ताटात डोकावलं आणि विचारलं, "कांदा कसा लागतोय?" मावशी म्हणाल्या, "छान." तर म्हणाले, "लागणारच," आणि आणखी एक पायरी चढले. डॉक्टर मागून दोन्ही हात पसरून चढत होते. पहिल्यांदाच त्यांनी कोणाच्या दातांकडे बघितलं नाही.

वर आल्यावर ते पातेल्याशेजारी स्टुलावर बसले आणि पोटभर जेवले. मग आणखी जेवले. कप्तान जमिनीवर, डॉक्टर पिठाच्या डब्यावर, मी शेगडीच्या कडेला. कितीतरी दिवसांनी आम्ही चौघं एका जागी बसून खात होतो, आणि व्यायामशाळेचं किंवा सायकलचं कोणी नाव काढलं नाही.

"रस्सा कोणी केला?" वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यातल्या मुलीने दारातून विचारलं.

"मला स्वयंपाक येतो," मी म्हणालो. ही सवयीने खिडकीकडे वळली. खिडकीला सोफा होता. नाइलाजाने माझ्याकडे बघावं लागलं तिला, आणि ती हसली.

दुपारी आचाऱ्याच्या माणसांनी रिकामं पातेलं कडेवर उभं केलं आणि सहज गडगडत बाहेर नेलं. दारातून ते असं गेलं की जणू काही झालंच नव्हतं. मला पुन्हा वाईट वाटलं.

"एवढी माणसं," मी म्हणालो, "पण एकाच्याही आधी लक्षात येऊ नये? आणि मी भूमिती शिकवतो!"

पोस्टमास्तर बोटं चाटत होते. ती चाटून झाल्यावर म्हणाले, "सर, रुंद घ्या असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मग बिजागरीतून काढलेल्या पल्ल्याकडे, मग चौकटीकडे. खाली त्यांच्या दाराआत टेकवून ठेवलेला, दारापेक्षा बोटभर रुंद वॉकर माझ्या डोळ्यांसमोर आला. कप्तान आधी हसायला लागले, मग डॉक्टर.

"उद्या सकाळी पहिल्या वळणापर्यंत येऊन बघतो," पोस्टमास्तर उठत म्हणाले. "डबा आणा. आणि सर, लहान आणा. दारातून निघेल असा."